एक पाय पट्ट्यात, एक पाय खटक्यात

माझ्यावर आजवर दोन गोष्टींतून एक निवडायची वेळ आलेली नाही. म्हणजे वेळ येते, पण मी निवडत नाही. मी दोन्ही घेतो! हॉटेलात पोरगी डोसा म्हणते, बायको उत्तप्पा म्हणते, मी दोन्ही मागवतो आणि ताटं मधोमध ठेवतो. टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो, तिथंही तेच. एकदा मालक गुलाबी रंगावर अडून बसले आणि गिऱ्हाईक निळ्यावर. मी म्हटलं, पट्टे मारू की! एक गुलाबी, एक निळा. तो टॉवेल अजून खपतोय. मधला मार्ग काढण्यात अख्ख्या सोलापुरात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी नम्रपणे सांगायचो. यंदाच्या हुरड्यापर्यंत सांगायचो.

झालं असं, की आमच्या सृष्टीची पुण्याच्या सायकलिंग शिबिरासाठी निवड झाली. सृष्टी आमची एकुलती एक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. महिनाभर तिथंच राहायचं आणि शिकायचं. पोरगी नाचायलाच लागली. पण राजेश्वरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एका शब्दात विषय संपवला.

"नाही."

"अगं, पण का?"

"पडली म्हणजे? हातपाय मोडून घेतले म्हणजे? तिथं कोण आहे तिचं?"

सृष्टीचं तोंड एवढंसं झालं. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण लेकीचं ते तोंड मला बघवेना, आणि मी उसळून म्हणालो, "सायकलवरून पडायला माणूस मुळात मूर्ख लागतो! मी चाळिशी ओलांडली, तरी तुझ्या माहेरापर्यंत सायकल मारत जाईन. एकदासुद्धा पडणार नाही!"

राजेश्वरी मेथी निवडत होती. तिनं शांतपणे मान वर केली.

"या की मग. रविवारी हुरड्याला जायचंच आहे. मी आणि सृष्टी आदल्या दिवशी एसटीनं पुढं जातो. तुम्ही सायकलवर या. एकदाही न पडता आलात, तर सृष्टी पुण्याला जाईल. पडलात, तर विषय बंद."

"आणि पडलो, पण कुणी बघितलंच नाही तर?"

"गुडघे बघीन मी," ती म्हणाली आणि परत मेथीकडं वळली.

तिचं माहेर मंगळवेढ्याच्या अलीकडं, आमच्या घरापासून पन्नासएक किलोमीटर. मी शेवटची सायकल कॉलेजात असताना चालवली होती. पण सृष्टीनं गळ्यात हात टाकून "पप्पा, तुम्ही खरंच जाल माझ्यासाठी?" असं विचारल्यावर माणूस काय करणार! म्हटलं, पन्नास काय, शंभर जाईन.

"माझी जुनी सायकल घ्या," ती म्हणाली. "फक्त तिची पायडलं साधीच राहू द्या."

आता, सकाळी विजापूर रोडला मी ते टोपीवाले सायकलस्वार बघत आलोय. त्यांचे पाय पायडलला जोडलेले असतात. आणि मी साध्या पायडलांवर सासुरवाडीला जाऊ? मी थेट नव्या पेठेत विरुपाक्षच्या सायकलच्या दुकानात गेलो.

"दोन तऱ्हा आहेत बघा, अभिमन्यूसाहेब," विरुपाक्ष म्हणाला आणि त्यानं दोन जोड्या काउंटरवर ठेवल्या. पहिली पट्ट्याची. पाय घालायचा, पट्टा ओढायचा, पाय गच्च. काढायचा असेल तेव्हा खाली वाकून पट्टा सैल करायचा. दुसरी खटक्याची. तिला खास बूट लागतो, बुटाच्या तळाला लोखंडी तुकडा. पाय दाबला की खट्! काढताना वाकायचं नाही, नुसती टाच बाहेर फिरवायची. या दुसऱ्या पायडलला इंग्रजीत क्लिपलेस म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेलं. पाय मात्र ह्यातच जास्त अडकतो. बारसं कुणी केलं देव जाणे.

"ह्यातलं चांगलं कुठलं?"

"पट्टा स्वस्त हाय, पण वाकायला लागतंय. खटका एकदम भारी, पण टाच फिरवायची सवय व्हावी लागतीय. तवर समदे पडतेत."

"समदे?"

"समदे की! मी बी पडलोय."

एकात वाकण्याची भानगड, दुसऱ्यात सवयीची. दोन्हींत थोडं चांगलं, थोडं वाईट. असला पेच म्हणजे माझ्या घरचाच! मी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणालो, "असं करा. डाव्या बाजूला पट्टा बसवा, उजव्या बाजूला खटका!"

विरुपाक्षनं हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, असं कुणी बसवत न्हाई."

"म्हणूनच बसवा."

"आन् उरलेली दोन? एक उजवं पट्ट्याचं, एक डावं खटक्याचं. त्यांचं काय करू?"

"राहू द्या की. माझ्यासारखा विचार करणारा दुसरा कुणी येईल."

"येनार न्हाई," विरुपाक्ष म्हणाला.

सायकल बघून सृष्टीनं कपाळाला हात लावला. पण पोरगी गुणी. तिनं मला पार्किंगमध्ये भिंतीला धरून उभं केलं आणि पाढा म्हणवून घेतला. "उजवी टाच बाहेर, डाव्या पट्ट्याला हात! म्हणा!" मी म्हटलं. भिंत धरून करूनही दाखवलं.

"आता भिंत सोडून करा, पप्पा."

"भिंत असताना येतंय म्हणजे नसताना येणारच की!" मी म्हणालो आणि वर चहाला गेलो. उजव्या पायात लोखंडी तळाचा बूट, डाव्या पायात साधा. जिन्यावर एका पायाचाच टकटक आवाज येत होता. शेजारच्यांनी दार उघडून "लागलंय का पायाला?" असं काळजीनं विचारलं.

रविवारी उजाडायच्या आत मी निघालो. आणि काय सांगू, प्रवास फर्स्टक्लास झाला! थंडगार हवा, दोन्ही बाजूंना ज्वारी, कणसं भरलेली. डाव्या पायाचा पट्टा मी मुद्दाम सैल ठेवला होता. थांबायचं झालं की एखादा उभा ट्रक, विजेचा खांब, जे हाताला लागेल ते धरायचं, सावकाश पाय सोडवायचे आणि उतरायचं. कामतीत चहा घेतला तेव्हाही मी टपरीचा खांब धरला होता. टपरीवाला फक्त एवढंच म्हणाला, "सावकाश धरा, पत्रा ढिला हाय."

भीमेचा पूल ओलांडल्यावर मला एका शेतात जाऊन यावं लागलं. तेवढं समजून घ्या. रात्रीच पाणी दिलेलं रान होतं, काळी माती. बुटाच्या तळाला भाकरीएवढा थर चिकटला. मी तो रस्त्यावर दोनदा आपटला आणि परत पायडलवर दाबला. या वेळी खट् असा आवाज आला नाही, गच्च असा आला. मी म्हटलं, चांगलंय की, पक्कं बसलं.

गावाच्या शिवेवर मी आणखी एक शहाणपणा केला. सासुरवाडीत ढिल्या पट्ट्यानं शिरणं बरं दिसतं का? शिवेवरचा खांब धरला, खाली वाकून डावा पट्टा करकचून ओढला, छाती पुढं काढली आणि गावात शिरलो.

गावाच्या मधोमध मारुतीचं देऊळ. देवळासमोर दगडी दीपमाळ, आणि पलीकडं माझ्या सासऱ्यांचं घर. दारात सगळे वाट बघत उभे! सासूबाई, बजाबाई, यांच्या एका हातात ओवाळायला भाकरतुकडा आणि दुसऱ्या हातात पाय धुवायला पाण्याचा तांब्या. सासरे रामहरी डोक्याला फेटा बांधून. सृष्टी दोन्ही मुठी आवळून. आणि राजेश्वरी. तिची नजर माझ्या गुडघ्यांवर.

मी वेग कमी केला. मनात पाढा म्हटला. उजवी टाच, डावा पट्टा. आणि ऐन वेळेला मी डावी टाच फिरवली! पट्टा आणखीच आवळला. मग घाईघाईनं उजव्या पायाकडं हात नेला, तिथं पट्टाच नाही! सायकल झोकांडली. पटकन सावरलं आणि आता बरोबर बाजूनं प्रयत्न केला, उजवी टाच बाहेर. टाच फिरेचना! मातीनं खटका पार बुजला होता. डाव्या पट्ट्याकडं वाकावं, तर हँडल कलंडतंय.

म्हणजे थांबलो की पडलो. आणि पडलो की पोरीचं पुणं गेलं.

मग मी एकच करू शकत होतो, ते केलं. पायडल मारत राहिलो! देवळाकडं तोंड केलं, तर डाव्या हाताला कडब्याची गाडी आडवी लावलेली होती. म्हणून मी उजवीकडून वळलो, देवळाला वेढा घातला, गाडीच्या कडेनं कसाबसा निसटलो आणि परत सगळ्यांच्या समोर आलो.

"आवं पाव्हणं, कुटं निगाला?" सासरे ओरडले.

"आलो, आलो!" मी हसून हात हलवला आणि पुढं गेलो.

दुसऱ्या वेढ्याला सासूबाईंनी तांब्या उचलून पुढं केला, तोवर मी देवळामागं. तिसऱ्या वेढ्याला त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

"आगं बया! नवस हाय जनू! सृष्टीसाठी बोलल्यात. आवं जावईबापू, नवस हाय का?"

राजेश्वरीचे डोळे बारीक झाले. आता बघा माझी पंचाईत! नाही म्हणावं, तर मग थांबत का नाही? हो म्हणावं, तर देवाच्या दारात खोटं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला.

"तसंच... तसंच काहीतरी!"

झालं! नवसाच्या फेऱ्या घालणाऱ्या माणसाला कुणी थांबवत नसतं. उलट त्याची सोय करतात. जोतिराम गुरव देवळातून धावत बाहेर आले आणि घंटा बडवायला लागले. दोघा-तिघांनी टाळ आणले. एका पोरानं माझ्या वाटेतल्या कोंबड्या हाकलल्या. कडब्याची गाडी मात्र कुणी हलवली नाही. "सायकलवरला नवस पयल्यांदाच बगतोय," गुरव सासऱ्यांना म्हणाले. सासऱ्यांनी फेटा सारखा केला. वीस वर्षांत माझ्यामुळं त्यांची मान एवढी ताठ झालेली मी पाहिली नव्हती.

मग बायका घागरी घेऊन आल्या. फेऱ्या घालणाऱ्याच्या वाटेवर पाणी शिंपलं की पुण्य लागतं! घराघरातून घागर! काळ्या मातीवर पाणी! माझं मागचं चाक सुळसुळ घसरायला लागलं.

"पाणी नको! अहो, पाणी नको!" मी कळवळून ओरडलो.

"बगा की, घामानं भिजल्यात तरी पानी नको म्हनत्यात," सासूबाई म्हणाल्या. "लई कडक नवस हाय!" आणि त्यांनी आणखी एक घागर ओतली.

एवढ्या गोंधळात सृष्टी माझ्या शेजारून पळायला लागली. गावाला वाटलं, लेक बापाबरोबर फेऱ्या घालतेय.

"पप्पा, उजवी टाच?"

"फिरत नाही! माती गेलीय!"

"डावा पट्टा?"

"वाकलो की पडतो! आणि तुझी आई बघतेय!"

"ठीक आहे," ती म्हणाली. आवाज असा, जणू चहाला साखर किती विचारतेय. "पुढच्या फेरीला वेग कमी करा. दीपमाळ आली की दोन्ही हातांनी मिठी मारा. सीट मी धरते. घाबरू नका."

मी घाबरलोच होतो. पण तिनं सांगितलं तसं केलं. दीपमाळ जवळ आली. मागं सीटवर सृष्टीची पकड बसल्याचं कळलं. मी हँडल सोडलं, डोळे गच्च मिटले आणि दीपमाळेला कडकडून मिठी मारली! सायकल थांबली. मी उभा. पडलो नव्हतो!

"मारुतराया!" गुरव कडाडले. घंटा, टाळ, सगळं एकदम वाजलं. सासऱ्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. आणि सृष्टी माझ्या पायाशी बसली, पट्टा सोडला, उजव्या बुटाची नाडी सोडली आणि माझा पाय बुटातून बाहेर ओढला. बूट पायडललाच लटकत राहिला.

"पोरगी बापाच्या पाया पडली गं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला.

दुपारी शेतात आगटी पेटली. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. राजेश्वरी माझ्या शेजारी येऊन बसली.

"गुडघे दाखवा."

दाखवले. स्वच्छ होते.

"नवस कधी बोललात?"

मी हुरडा जरा जास्तच बारकाईनं चावायला लागलो.

"मी ह्याच गावची आहे," ती हळूच म्हणाली. "नवसाच्या माणसाचं तोंड ओळखते मी. तुमच्या तोंडावर भक्ती नव्हती, घाम होता. पाय अडकले होते ना? आत घालायचं तेवढं येतंय, बाहेर काढायचं कोण शिकवणार? तुमच्या आईनं अभिमन्यू सोडून दुसरं नाव तरी ठेवायचं होतं!"

समोर सृष्टीचा हुरडा हातातच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं. म्हटलं, गेलं पुणं.

"जाऊ दे तिला," राजेश्वरी म्हणाली.

"म्हणजे? मी पडलो नाही म्हणून?"

"तुम्ही पडणारच होता. तिनं पडू दिलं नाही. सगळं गाव घंटा बडवत होतं. मला सगळं कळत होतं, तरी माझेसुद्धा पाय हलेनात. डोकं ठिकाणावर होतं ते एकट्या हिचं. मग हिची काळजी मी कशाला करू? जाईल आणि नीट येईल."

सृष्टी आईच्या गळ्यात पडली. मला इतकं बरं वाटलं, की मी समोरचा सगळा गूळ खाऊन टाकला. तेवढ्यात बांधावरून जोतिराम गुरव आले. चेहरा गंभीर.

"पाव्हणं, जरा घोळ झालाय. तुमच्या फेऱ्या उलट्या पडल्या. देव उजव्या हाताला पाहिजे, तुमी डाव्या हाताला घेतला."

"कडब्याची गाडी आडवी होती हो!"

"ते खरं. पर उलट्या फेऱ्यांचा नवस पोचत न्हाय. उद्याच्याला सुलट्या घालाव्या लागत्याल."

"घालत्यात की," सासूबाई लगेच म्हणाल्या. "लेकराच्या कामाचा नवस हाय!"

"चालत घालतो," मी म्हणालो.

"सायकलवरला नवस सायकलवरच फेडायचा," सासऱ्यांनी निकाल दिला.

"मग असं करू, अर्ध्या चालत, अर्ध्या सायकलवर..."

"नाही!" सगळे एकदम ओरडले. त्यात सर्वांत मोठा आवाज राजेश्वरीचा होता. ती हसू दाबत म्हणाली, "नवस बोललात ना? फेडा की मग."

संध्याकाळी सृष्टीनं खटक्यातली माती काड्यांनी कोरून काढली आणि मला गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं. नंतर भिंतीशिवाय. उजवी टाच बाहेर, डाव्या पट्ट्याला हात. उजवी टाच, डावा पट्टा. म्हशी कंटाळून आडव्या झाल्या, तरी तिनं मला सोडलं नाही. शेवटी टाच आणि हात आपोआप हलायला लागले. झोपेत सुद्धा मी टाच फिरवत होतो, असं राजेश्वरी सांगते.

सकाळी कालच्यापेक्षा जास्त माणसं जमली. मी ऐटीत सायकल बाहेर काढली, तर सासऱ्यांनी माझ्या बुटाकडं बोट दाखवलं.

"देवाच्या फेऱ्या अन् पायात पायतान? काल झालं ते झालं. काडा ते."

आता बूट नाही म्हणजे खटका नाही, आणि त्या एवढ्याशा पायडलवर अनवाणी पाय ठरेना. सासरे घरात गेले आणि त्यांची काळी सायकल घेऊन आले. रुंद रबरी पायडलं. पट्टा नाही, खटका नाही, काही नाही.

"बसा," ते म्हणाले.

मी बसलो. आणि खरं सांगतो, इतक्या झकास फेऱ्या त्या गावात कुणी घातल्या नसतील! कडब्याची गाडी हलवलेली, वाट कोरडी, देव उजव्या हाताला. घंटा वाजतेय, मी एका हातानं नमस्कार करतोय. सृष्टीला सीट धरायचीसुद्धा गरज पडली नाही. ती आईच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. राजेश्वरीच्या हातात आज तांब्या होता.

फेऱ्या संपल्या. मी दिमाखात सासूबाईंच्या समोर आलो, वेग कमी केला, अगदी शिकवल्याप्रमाणं उजवी टाच बाहेर फिरवली आणि अगदी शिकवल्याप्रमाणं डावा पट्टा ओढायला खाली वाकलो.

पट्टा नव्हता!

दोन्ही पाय मोकळे असताना, सगळ्या गावासमोर, मी सायकलसकट धाडकन आडवा झालो. घंटा थांबली. सृष्टीच्या टाळ्या थांबल्या. मी पडल्या पडल्या तिचा चेहरा बघितला आणि मग भीत भीत तिच्या आईचा.

राजेश्वरी पुढं आली. आडव्या पडलेल्या माणसाच्या पायावर तिनं तांब्यातलं पाणी घातलं.

"अट कालची होती," ती म्हणाली. "गुडघा दाखवा."

दाखवला. चांगलाच फुटला होता. सासूबाई घरातून लगबगीनं आल्या. एका हातात हळदीचा डबा, दुसऱ्या हातात मलमाची ट्यूब.

"जावईबापू, हळद लावू का मलम?"

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. राजेश्वरी तर जास्तच.

"हळद," मी म्हणालो. "नुसती हळद."